राजहत्या आणि ‘ध’चा ‘मा’

शनिवारवाड्यात ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणपतीच्या दिवसांत, अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. पेशवे हे नावाने छत्रपतींचे प्रधान असले, तरी राज्याची सूत्रे त्यांच्याच हाती होती. तेव्हा या खुनाला राजहत्या म्हणावयास हरकत नाही. या घटनेला अडीचशे वर्षे उलटून गेली. तिच्यामागचे राजकारण सामान्य माणसाच्या आज फारसे स्मरणात नाही; परंतु ‘ध’चा ‘मा’ मात्र शाळकरी मुलासही ठाऊक असतो. राघोबादादांनी ‘धरावे’ असे लिहिले होते, आनंदीबाईंनी त्याचे ‘मारावे’ केले, एवढ्या एका वाक्यात त्या साऱ्या प्रकरणाचा निकाल लावून आपण मोकळे झालो आहोत. या कथेविषयी इतिहासाच्या अभ्यासकांनी वेळोवेळी शंका घेतली आहे. तरीही लोकमानसातील तिचे स्थान यत्किंचितही ढळलेले नाही. ती एवढी का टिकावी, हा प्रश्न इतिहासाइतकाच मनुष्यस्वभावाचाही आहे. त्याचे उत्तर शोधू लागले, की राजहत्येवर उभ्या असलेल्या जगातील थोर शोकांतिकांचे दार ठोठवावे लागते.

त्यांपैकी पहिली ग्रीकांची. ट्रॉयचे युद्ध जिंकून परतलेल्या ॲगमेम्नॉन राजाचा त्याच्या स्वतःच्याच घरात खून झाला. होमरच्या ‘ओडिसी’त या खुनाचा मुख्य दोष एजिस्थसवर आहे, राणी क्लिटेम्नेस्ट्रा त्याची साथीदार आहे, पण कट त्याचा आणि सिंहासनाचा लोभही त्याचाच. पुढे इ. स. पूर्व ४५८ मध्ये एस्किलसने हीच कथा रंगभूमीवर आणली, तेव्हा शस्त्र राणीच्या हाती आले. एजिस्थस सारे संपल्यावर प्रवेश करतो आणि नगरातील वृद्ध त्याच्या भ्याडपणाची निर्भर्त्सना करतात. मात्र एस्किलसने राणीवर अन्याय केला, असे म्हणता येणार नाही. पतीच्या प्रेताजवळ उभी राहून ती आपले कृत्य उघडपणे कबूल करते. आणि याच राजाने आरमाराला अनुकूल वारा मिळावा म्हणून पोटच्या मुलीचा, इफिजिनियाचा, बळी दिला होता, याची नगराला आठवण करून देते. विजयाच्या हव्यासापायी घडलेल्या त्या कृत्याचा जाब राजाला कोणीच विचारला नव्हता. पण लोकस्मृती असा तपशील जपून ठेवीत नाही. तिच्या लेखी पतिघातकी राणी तेवढी उरली. कन्याघातकी राजा विस्मृतीत गेला.

दुसरे उदाहरण आपल्या महाविद्यालयांत पिढ्यान् पिढ्या शिकविल्या गेलेल्या ‘मॅकबेथ’चे. इतिहासातील मॅकबेथने डंकन राजाला १०४० मध्ये मारले ते रणांगणात, झोपेत नव्हे. त्यानंतर त्याने सतरा वर्षे स्कॉटलंडवर राज्य केले. त्याच्या पत्नीचे नाव ग्रुओक होते. डंकनच्या मृत्यूत तिचा हात असल्याचा पुरावा इतिहासाजवळ नाही. शेक्सपिअरने आपले कथानक होलिनशेडच्या बखरीतून घेतले, आणि त्याच बखरीतील दुसरी एक हकीकत त्याला जोडली. डफ नावाच्या राजाला त्याच्या डॉनवाल्ड नामक सरदाराने पत्नीच्या चिथावणीवरून आपल्याच गढीत मारविले, अशी ती हकीकत होती. होलिनशेडच्या बखरीत मॅकबेथच्या कटात बँकोही सामील आहे. नाटकात मात्र तो निर्दोष ठरला. १६०३ मध्ये इंग्लंडच्या गादीवर आलेला जेम्स राजा आपले कूळ बँकोपर्यंत नेऊन भिडवीत असे, हे लक्षात घेतले म्हणजे या बदलाचे फारसे आश्चर्य वाटत नाही. पाप कोणाच्या पदरात टाकावयाचे आणि कोणाच्या पदरातून काढून घ्यावयाचे, याचा निर्णय असा नेहमीच निव्वळ सत्याच्या आधारे होत नाही.

तथापि शेक्सपिअर आपल्या टीकाकारांहून आणि मार्गदर्शक पुस्तकांच्या लेखकांहून कितीतरी अधिक न्यायी होता. मॅकबेथ मुळात सज्जन. चेटकिणींनी त्याला भुलविले आणि बायकोने बिघडविले, हे उत्तर परीक्षेत हमखास लिहिले जाते. पण नाटक लक्षपूर्वक वाचावे. चेटकिणी त्याला राजपदाचे भविष्य सांगतात; खून कर, असे त्यांच्यापैकी एकीनेही सांगितलेले नाही. खुनाचा विचार त्याच्या मनात त्याच ठिकाणी, पत्नीची भेट होण्यापूर्वीच उद्भवतो आणि त्या विचाराने तो स्वतःच दचकतो. पुढे तो कच खाऊ लागतो, तेव्हा ही गोष्ट प्रथम तूच काढली होतीस, असे ती त्याला सुनावते. तिचा वाटा लहान नाही. ती त्याला टोचते, डिवचते, त्याच्या पौरुषाला आव्हान देते, रक्ताने माखलेले खंजीर परत नेऊन ठेवते. पण जे मुळात नव्हतेच ते तिने त्याच्या मनात घातले, असे म्हणण्यास नाटकात आधार नाही.

आणि खुनानंतर काय होते? बँकोच्या हत्येचा बेत मॅकबेथ पत्नीला कळूही देत नाही. मॅकडफच्या बायकामुलांची कत्तल तो कोणाच्याही चिथावणीवाचून करवितो. ज्याला आरंभी सदसद्विवेकाने ग्रासले होते तो दगड होत जातो, आणि जिने आपले काळीज दगड व्हावे अशी प्रार्थना केली होती ती झोपेत हात धूत हिंडते व अखेर प्राणास मुकते. पश्चात्तापाच्या वाटणीत मोठा हिस्सा तिच्याकडे आला. असे असता दोषाच्या वाटणीतही मोठा हिस्सा आपण तिलाच द्यावा, हे कोठल्या न्यायाचे?

ही दृष्टी मराठी मनात खोल रुजलेली आहे. शिवराम महादेव परांजपे यांनी ‘मॅकबेथ’ला ‘मानाजीराव’ केले, शिरवाडकरांनी १९५४ मध्ये ‘राजमुकुट’ दिला. खाडिलकरांच्या १९०९ मधील ‘भाऊबंदकी’त आनंदीबाईंवर लेडी मॅकबेथची छाया स्पष्टच जाणवते. मात्र त्या नाटकात रामशास्त्रीही आहेत. परंपरेने सांगितलेल्या हकीकतीनुसार शास्त्रीबोवांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितले ते राघोबादादांना. आनंदीबाईंकडे किंवा एखाद्या अक्षराकडे बोट दाखवून दादांना मोकळे सोडले नाही.

या न्यायनिष्ठेच्या प्रकाशात ‘ध’चा ‘मा’ पुन्हा तपासून पाहावा. घटकाभर मान्य करू, की अक्षर बदलले गेले. तरी सत्ताधारी पुतण्याला धरण्यासाठी सशस्त्र गारदी वाड्यात घालण्याचा हुकूम कोणाचा? धरण्यास गेलेले हात मारूही शकतात, हे राज्यकारभारात केस पांढरे झालेल्या पुरुषास कळत नव्हते काय? आणि अनर्थ घडल्यावर पेशवाईची वस्त्रे स्वीकारली ती कोणी? एका अक्षराच्या आड एवढे सारे दडविता येते, हेच त्या कथेच्या दीर्घायुष्याचे रहस्य आहे.

या सर्वांच्या तुलनेत सोफोक्लीजचा ईडिपस निराळा उभा राहतो. लेयस राजाचा वध त्याच्या हातून तिठ्यावरच्या भांडणात, अजाणता झालेला. आपण पित्याला मारले, हे त्याला ठाऊकही नाही. थीब्जवर रोगराईचे संकट येते आणि राजघातक्याचा शोध तो स्वतःच सुरू करतो. आरंभी तोही माणसासारखाच वागतो. द्रष्ट्या टायरेसियसवर, मेहुणा क्रिऑनवर आरोप करतो. पण सत्य जवळ येऊ लागते आणि राणी चौकशी थांबविण्याची विनवणी करते, तेव्हा तो थांबत नाही. अज्ञानाची, दैवाची, भविष्यवाणीची सबब त्याच्याइतकी दुसऱ्या कोणाजवळ होती? आपल्यावरची आपत्ती देवाने आणली, असे तो म्हणतोही. पण डोळे फोडणारा हात माझाच, हे सांगावयास तो विसरत नाही, आणि घातक्यासाठी पुकारलेली शिक्षा स्वतःच मागून घेतो. जाणूनबुजून मारणारे सबबी शोधतात आणि अजाणता मारणारा दोष पत्करतो, ही विसंगती कोणाही विचारी वाचकास अस्वस्थ करील.

आपल्यापुढे ना सिंहासन आहे, ना खंजीर. पण ‘वरून तसा हुकूम होता’, ‘मी लिहिले निराळे, टंकलेखनात बदलले’, ‘घरच्यांच्या आग्रहापुढे माझे चालले नाही’ ही वाक्ये कचेरीत, शाळेत आणि संसारात आपण सर्वांनीच कधी ना कधी उच्चारलेली असतात. फायद्याचे वस्त्र आपल्या अंगावर आणि दोषाचे दुसऱ्याच्या, ही वाटणी सोयीची खरी. तिच्यामुळे लोकांचे तोंड बंद होते आणि कधी कधी इतिहासाचेही. वर्गात ‘मॅकबेथ’ शिकविणाऱ्या अध्यापकाने ‘या खुनाला जबाबदार कोण?’ हा प्रश्न विद्यार्थ्यांना अवश्य विचारावा. मात्र ‘त्याची बायको’ हे उत्तर येताच पूर्ण गुण देऊ नयेत. नाटक पुन्हा उघडून, खुनाचा पहिला विचार कोणत्या पानावर आणि कोणाच्या मनात आला, ते शोधावयास सांगावे.