राहत्या घराची पेन्शन

म्हैसूरला 'पेन्शनरांचे नंदनवन' म्हणण्याची जुनी रीत आहे. हे नंदनवन सरकारी नोकरांचे; १९९६ साली बंद पडलेल्या आयडियल जावा मोटारसायकल कारखान्यातील कामगाराचे नव्हे. भविष्यनिर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेखाली किमान पेन्शन ठरली दरमहा १००० रुपये, आणि तीही २०१४ साली. अशा कामगाराजवळ उरते ते कष्टाच्या कमाईतून उभे केलेले घर. आता त्या घराचीच पेन्शन करा, असा सल्ला त्याला दिला जातो.

२००७-०८ च्या अर्थसंकल्पात चिदंबरम यांनी 'रिव्हर्स मॉर्टगेज'ची घोषणा केली. नियम राष्ट्रीय आवास बँकेने ठरविले. साठी गाठलेल्या मालकाने राहते घर गहाण ठेवायचे आणि बँकेने त्याला ठरावीक मुदतीपर्यंत रक्कम द्यायची. कर्जदार हयात असेतो घर सोडावे लागत नाही. त्याच्यामागे वारसांनी कर्ज फेडून घर सोडवावे, अन्यथा बँक ते विकते. उरले ते वारसांचे. कमी पडले तर तोटा बँकेचा. सावकारी गहाणखताहून हे निश्चितच बरे.

मग खर्च कोठे दडला आहे? प्रक्रिया शुल्क आणि मूल्यांकनाची फी कोणीही सांगेल. घरपट्टी, विमा आणि दुरुस्ती मालकाच्याच माथी राहतात. परंतु खरा खर्च चक्रवाढ व्याजाचा आहे. दरमहा १०,००० रुपयांप्रमाणे १५ वर्षांत हाती येतात १८ लाख. शेकडा १० दराने, दरमहा चक्रवाढीने, देणे होते सुमारे ४१ लाख. पुढे हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. आणखी पाच वर्षांत तेच देणे ६८ लाखांवर जाते.

कर्ज अधिकारी कितीही सज्जन असला तरी तो बँकेचा पगारदार आहे. त्याच्याकडून दरवर्षी देणे किती होईल याचा तक्ता लेखी घेतला पाहिजे. व्याजदर स्थिर की बदलता, मुदतीनंतर काय, हेही लेखीच. आणि पत्नी सहकर्जदार आहे ना? नसेल तर पतीच्या पश्चात तिच्या डोक्यावरचे छप्पर वारसांच्या ऐपतीवर अवलंबून राहील. करारातील इंग्रजी तर अशी असते की अनुवाद हाच ज्याचा धंदा त्यालाही एकेक वाक्य तीनदा वाचावे लागते. लेथवर हयात घालविलेल्या माणसाने तिच्याखाली कोणत्या भरवशावर सही करावी?

म्हणून पेन्शनवाढीची मागणी रेटत असतानाच कामगार संघटनांनी आपल्या कचेरीत बँकेशी हितसंबंध नसलेला, हिशेब जाणणारा एखादा माणूस बसविला पाहिजे. निवृत्त कामगाराने सहीपूर्वी ते कागद प्रथम त्याच्यापुढे ठेवावेत, आणि शक्य तर पत्नीसह मुलामुलींनाही बरोबर न्यावे.