पस्तीस दिवसांनंतरचे घर

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुपवाडला मेफेड्रोनचा साठा पकडला. पुढच्याच महिन्यात मुंबई पोलिसांनी कवठेमहांकाळ तालुक्यातील इरळी येथे त्याचा कारखाना उघडकीस आणला. द्राक्षे, बेदाणे आणि हळदीच्या सांगली जिल्ह्याला ही नवी ओळख कोणालाच नको होती. छाप्यांची चर्चा झाली, ती व्हायलाच हवी. पण ज्या घरात व्यसन आधीच शिरले आहे, त्याचा प्रश्न छाप्याने सुटत नाही. आणि आपल्याकडे ते व्यसन बहुधा दारूचेच असते.

'एम्स'च्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार, दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांत एकालाच काही उपचार मिळतात. दाखल होऊन उपचार घेणारा तर १८० जणांत एक. पैसा आणि अंतर ही कारणे आहेतच. मला मात्र अज्ञानही तितकेच मोठे कारण वाटते. केंद्रात नेमके काय करतात, हे घरच्यांना माहीतच नसते. कोणाला तो तुरुंग वाटतो, तर कोणाला माणूस दुरुस्त करून देणारे गॅरेज.

पहिले काही दिवस शरीराचे असतात. रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली की हात थरथरतात, झोप उडते. काहींना झटके येतात, भास होतात, प्रसंगी जिवावर बेतते. म्हणूनच घरात कोंडून दारू सोडवणे धोक्याचे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधांच्या आधाराने बहुतेकांचे शरीर आठवड्याभरात सावरते. 'आता बरा दिसतोय, घरी नेऊ का?' असे घरचे विचारतात. खरे काम मात्र तेव्हाच सुरू होते.

डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केले. तेथील उपचार पस्तीस दिवसांचे. ठरलेल्या वेळी उठणे, योगासने, आपली कामे आपण करणे, समुपदेशन, गटात मन मोकळे करणे, असा दिवस जातो. समोर बसलेला कार्यकर्ता अनेकदा स्वतःच व्यसनातून बाहेर पडलेला असतो. त्याच्यापुढे थापा चालत नाहीत. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी 'परिवर्तन'च्या माध्यमातून या कामाचा पाया घातला. त्यामुळे आपल्या भागाला हा विषय परका नाही.

केंद्र निवडताना संकोच बाळगू नये. नोंदणी आहे का, डॉक्टर केव्हा येतात, रुग्णाला भेटता येते का, हे विचारावे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात व्यसनातून उद्भवणारे मानसिक आजारही येतात; रुग्णाला साखळीने बांधण्यास त्यात स्पष्ट मनाई आहे. मारहाण हा उपचार नव्हे.

पस्तीस दिवसांनी माणूस परततो तो त्याच गल्लीत, त्याच मित्रांत. घरात जुनाच संशय असेल, रोज खिसे तपासले जात असतील किंवा 'एवढ्याने काय होतंय' म्हणत पाहुणेच पेला पुढे करत असतील, तर केंद्राची मेहनत किती दिवस टिकणार? पत्नी आणि आईवडिलांनीही समुपदेशनाला बसावे, ते यासाठीच. पाठपुराव्याच्या तारखा चुकवू नयेत. पुन्हा घसरला तर 'सगळे वाया गेले' म्हणून दार लावू नये. मधुमेहाप्रमाणे हाही दीर्घकाळ सांभाळण्याचा आजार आहे. कोठून सुरुवात करावी हे कळत नसेल, तर १४४४६ ही राष्ट्रीय मदतवाहिनी मोफत आहे. पहिला फोन घरच्यांनी केला तरी चालतो.