देणगी राहू द्या, भाडेकरार वाचा

अमेरिकेत चार्टर शाळांचा विषय निघाला की गावोगावच्या व्यापारी मंडळांना दोन सल्ले हमखास मिळतात. समर्थक म्हणतात, चेक फाडा आणि कायदा आपल्या बाजूने वळवून घ्या. विरोधक म्हणतात, तुमचे इथे कामच काय? व्यापारी शाळेत शिरला की शिक्षणाचे दुकान झालेच. मला दोन्ही सल्ले अमान्य आहेत.

चार्टर शाळा ही आपल्या अनुदानित खासगी शाळेची दूरची बहीण. पैसा सरकारी, कारभार स्वतंत्र मंडळाचा, फी नाही आणि अर्ज जास्त आले तर सोडत. फरक आहे तो परवान्यात. तो ठरावीक मुदतीचा असतो आणि काम निकृष्ट ठरले तर त्याचे नूतनीकरण नाकारता येते. पहिला कायदा मिनेसोटाने १९९१ मध्ये केला, पहिली शाळा पुढल्या वर्षी सेंट पॉलमध्ये उघडली.

विरोधकांची भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. मिझुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीच्या एका चार्टर शाळेचा कारभार इमॅजिन स्कूल्स ही बाहेरगावची कंपनी पाहत होती. तिनेच आपल्या उपकंपनीमार्फत शाळेला इमारत भाड्याने दिली. म्हणजे भाडे ठरवणारा आणि भाडे घेणारा एकच! मुलांसाठी आलेला सरकारी पैसा या भाड्यात जिरत राहिला. शेवटी शाळेनेच दावा लावला आणि न्यायालयाने कंपनीला सुमारे दहा लाख डॉलर भरायला लावले. त्याच कंपनीच्या सेंट लुइसमधल्या शाळा तर २०१२ मध्ये बंदच करण्यात आल्या. (आपल्याकडे संस्थाचालकाच्या मेहुण्याच्या नावे असलेली इमारत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही.)

पण यातून निष्कर्ष काय काढायचा? व्यापाऱ्यांना शाळेपासून लांब ठेवा, हा? माझे मत नेमके उलटे आहे. मुख्य पेठेत ज्याने दुकान भाड्याने घेतले आहे, त्याला चौरस फुटाचा दर तोंडपाठ असतो. तो भाडेकरार समोर येताच पहिला प्रश्न विचारतो, मालक कोण? अशी दोन माणसे शाळेच्या मंडळावर असती, तर निदान हा प्रश्न सहीच्या आधी विचारला गेला असता.

आता समर्थकांकडे वळू. मॅसॅच्युसेट्समध्ये २०१६ साली दरवर्षी बारा नव्या चार्टर शाळांना वाव देण्याचा प्रस्ताव मतदानाला आला. बोस्टनच्या चार्टर शाळांचे निकाल देशात उजवे मानले जात. प्रचाराला पैसाही रग्गड होता. तरी सुमारे ६२ टक्के मतदारांनी ‘नाही’ म्हटले. पुढल्या वर्षी उघड झाले की, प्रचार करणाऱ्या संस्थेने देणगीदारांची नावे झाकून ठेवली होती आणि तिला चार लाख डॉलरहून अधिक दंड झाला. चांगल्या शाळांची बाजू लपवलेल्या पैशाने लढवली की लोकांना शाळा दिसत नाहीत, थैली दिसते.

शिवाय ‘चार्टर’ या पाटीलाच पाठिंबा देण्यात अर्थ नाही. स्टॅनफर्डच्या २००९ च्या अभ्यासात गणितात १७ टक्के चार्टर शाळा आसपासच्या सरकारी शाळांहून सरस आणि ३७ टक्के कमी दर्जाच्या निघाल्या. नंतरच्या अभ्यासांत चित्र सुधारले, त्याचे एक कारण निकृष्ट शाळा बंद पडल्या हेही होते.

मग व्यापारी मंडळांनी करायचे काय? पुष्कळ राज्यांत चार्टर शाळेला दर विद्यार्थ्यामागे पैसे मिळतात, इमारतीसाठी मात्र फारसे नाहीत. नव्या शाळेला बँक दारात उभी करत नाही. तिथे व्यापारी मंडळाने कर्जाला हमी द्यावी, रिकामे गोदाम वाजवी भाड्याने मिळवून द्यावे. शाळेच्या मंडळावर एक हिशेबनीस आणि एक वकील द्यावा, पण ज्याचा शाळेशी काडीचाही व्यवहार आहे असा माणूस नको. ही अट लेखी हवी.

आणि मुलांना काम द्यावे. याच बोस्टनच्या उद्योजकांनी १९८२ मध्ये शहराच्या सरकारी शाळांशी करार केला होता. शाळांनी हजेरी आणि निकाल सुधारावेत, आम्ही शाळा पूर्ण करून बाहेर पडणाऱ्यांना नोकरीत प्राधान्य देऊ, अशी ती देवघेव होती. ती चार्टर शाळांच्या जन्माआधीची. म्हणूनच सांगतो, मदत चार्टरपुरती ठेवू नका. शेजारच्या सरकारी शाळेतल्या मुलालाही उन्हाळ्यात तुमच्याच दुकानात काम हवे असते आणि तिथले पालकही तुमचेच गिऱ्हाईक आहेत.

सगळ्यांत अवघड काम शेवटी. आपण हमी दिलेली शाळा वाईट निघाली तर परवाना वाढवू नका, असे परवाना देणाऱ्या यंत्रणेपुढे उभे राहून सांगणे. ज्या व्यापारी मंडळाची एवढी तयारी नसेल, त्याने या भानगडीत पडूच नये.