नळ सोडल्याने गुपिते वाचत नाहीत

१/ गुप्तहेरपटांतील एक दृश्य आता रूढ झाले आहे. नायक खोलीत शिरतो, रेडिओ मोठ्याने लावतो, न्हाणीघरातील नळ सोडतो आणि मगच कुजबुजू लागतो. समाजमाध्यमांवरील इतिहासानेही हे सूत्र उचलले आहे : आवाज केला की गुपित सुरक्षित. हे अर्धसत्य आहे, आणि विसाव्या शतकाचा इतिहास त्याच्या विरुद्ध साक्ष देतो.

२/ या मांडणीचा आवडता पुरावा इस्तंबूलचा. तोपकापी राजवाड्यात वास्तुकार सिनान याने १५७८ च्या सुमारास तिसऱ्या मुरादसाठी दालन उभारले. त्यातील कारंजे सुलतानाचे संभाषण झाकण्यासाठी होते, असे तेथे सांगितले जाते. ते खरे मानले, तरी तेव्हाचा शत्रू म्हणजे दाराबाहेर उभा असलेला माणसाचा कान. त्याच्यापुरते पाणी पुरेसे होते.

३/ गोंगाट शब्द झाकतो तो केवळ मोठा असतो म्हणून नव्हे. तो बोलण्याच्याच स्वरपट्ट्यात असावा लागतो. जुना दूरध्वनी साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यावर संभाषण समजण्याजोगे पोहोचवत असे. पंख्याची खर्जातील घरघर या पट्ट्याला फारसा धक्का लावत नाही.

४/ गोंगाट कोठे करायचा, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा. फ्रेंच वैद्य एत्येन लोंबार यांनी १९११ मध्ये दाखवून दिले, की गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो. म्हणजे खोलीच्या मध्यभागी रेडिओ लावणारा स्वतःचेच बोलणे मोठे करून घेतो. म्हणूनच खऱ्या गुप्त दालनांत ध्वनिक्षेपक आणि कंपक बसवतात ते भिंती, दारे, खिडक्या आणि हवेचे नळकांडे यांच्यावर, म्हणजे आवाज बाहेर पडण्याच्या वाटांवर.

५/ रेडिओचा दुसरा दोष असा : ते प्रक्षेपण शत्रूलाही मिळते. मूळ कार्यक्रम हाती असेल, तर ध्वनिमुद्रणातून तो बऱ्याच अंशी वजा करता येतो. यादृच्छिक फुसफुसाटाची अशी प्रत बाहेर कोणाकडेच नसते. अमेरिकेच्या गुप्त दालनांच्या नियमावलीत तर ध्वनिउगमात एएम-एफएम रेडिओग्राहक नसावा, अशी अटच आहे.

६/ आता मॉस्को. ऑगस्ट १९४५ मध्ये सोव्हिएत मुलांनी अमेरिकी राजदूत हॅरिमन यांना कोरीव लाकडी राजमुद्रा भेट दिली. ती राजदूतांच्या निवासस्थानी १९५२ पर्यंत टांगलेली होती. आत लेव्ह तेरमेन याने घडवलेले श्रवणयंत्र होते; त्याला ना तारा, ना बॅटरी. बाहेरून सोडलेल्या रेडिओलहरींनी ते जागे होई. कान भिंतीच्या आतच टांगलेला असताना भिंतीवरचा गोंगाट कोणाला अडवणार?

७/ १९८४ मध्ये मॉस्को व लेनिनग्राड येथील अमेरिकी कार्यालयांतील १६ आयबीएम टंकलेखन यंत्रांत छुपी उपकरणे सापडली. ती शब्द ऐकतच नव्हती. यंत्रातील धातूच्या पट्ट्यांची हालचाल चुंबकीय संवेदकांनी टिपून टंकलेला मजकूर बाहेर पाठवत होती. तेथे धबधबा वाहवला असता, तरी एक अक्षर झाकले गेले नसते.

८/ त्याच शहरात दूतावासाची नवी इमारत उभी राहत होती. तिच्या काँक्रीटच्या साच्यांतच श्रवणयंत्रे आढळली आणि १९८५ मध्ये काम थांबले. पुढे वरचे मजले पाडून पुन्हा बांधावे लागले. इथे तर भिंतच शत्रूने ओतलेली होती.

९/ वॉशिंग्टनचे उदाहरण अधिक बोलके आहे. फेब्रुवारी १९७१ मध्ये अध्यक्ष निक्सन यांच्या ओव्हल ऑफिसमध्ये मायक्रोफोन बसवले गेले. बसवणारी होती अध्यक्षांची संरक्षक यंत्रणा, आणि हुकूम खुद्द अध्यक्षांचा. जुलै १९७३ मध्ये बटरफील्ड यांच्या साक्षीत ही गोष्ट उघड झाली. ऑगस्ट १९७४ मध्ये निक्सन यांना पद सोडावे लागले, त्यात याच फितींचा मोठा वाटा होता.

१०/ 'काहीच नसण्यापेक्षा थोडा गोंगाट बरा', असा बचाव केला जातो. तो फसवा आहे. ज्याला आपण असुरक्षित असल्याचे ठाऊक असते, तो जपून बोलतो. नळ सोडून निर्धास्त झालेला माणूस सगळेच बोलून टाकतो.

११/ कौटिल्याला हे कळले होते. अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणात तो मंत्रणेची जागा अशी बंदिस्त मागतो, की बोलणे बाहेर जाऊ नये आणि पक्ष्यांनाही आत दिसू नये. पोपट-मैनांनी मंत्र फोडल्याची आख्यायिकाही सांगतो. पण तो तेथे थांबत नाही. बेसावधपणा, मद्य, झोपेतील बडबड आणि कामासक्ती यांनीही मंत्र फुटतो, असे तो बजावतो.

१२/ आवाजाचा पडदा भिंतीपलीकडच्या कानापासून वाचवतो, हे त्याचे खरे आणि मर्यादित काम. भेटवस्तू, यंत्रे, बांधकाम आणि माणसे आत घेताना कोणी तपासली, हा प्रश्न त्याने सुटत नाही. नळाची गोष्ट पुन्हा सांगणाऱ्यांनी निदान एवढे तरी विचारावे : त्या वेळी टेबलावर कोणाकोणाचे मोबाईल होते?