गळकी घागर

आमच्या प्राध्यापक-कक्षात पदार्थविज्ञानाचे एक गृहस्थ बसतात. परवा सहज विचारले, "काय वाचता हल्ली?" म्हणाले, "अणू गळू लागले म्हणजे काय होते, ते." मराठीच्या मास्तराला एवढे पुरे झाले!

पाण्याचे बर्फ होते, हे अवस्थांतर आपण शाळेत शिकलो. तिथे सारा कारभार समतोलाचा. पण नळाखाली गळकी घागर ठेवा. पातळी तीच दिसते, आतले पाणी मात्र क्षणोक्षणी निराळे! असल्या बेसमतोल व्यवस्थेतही अवस्थांतरे होतात. या गळतीला 'क्षय' म्हणावे तर वाचकाला खोकला आठवतो. 'ऱ्हास' म्हणावे तर मोगल साम्राज्य. तेव्हा गळतीच बरी.

१९२४ साली ढाक्याहून सत्येंद्रनाथ बोसांनी आइन्स्टाइनला एक निबंध धाडला. त्यातून निघालेले भाकीत १९९५ साली अमेरिकेत रुबिडियमच्या अतिथंड अणूंनी खरे केले. २००२ साली म्यूनिकला लेसरकिरणांची जाळी विणून त्यात असे अणू ठेवले. प्रकाशाचे खळगे उथळ असले की अणू घरोघर मोकळे वाहतात. खोल केले की जो तो आपल्या खळग्यात अडकतो.

इथे अणू निसटणे म्हणजे घरफोडीच. पण २०१७ साली क्योटोच्या मंडळींनी ती मुद्दाम घडवली! अणू इटर्बियमचे. वरचा नळ नव्हता, नुसती गळती. एका खळग्यात दोन अणू भेटले की एक जादा लेसर त्यांची जोडी जुळवी आणि दोघेही जाळीबाहेर. चाळीतल्या खोलीत पाहुणा आला, की यजमानासकट रस्त्यावर!

मग खळगे उथळ करत नेले. मला वाटले, आता अणू वाहणार, भेटणार आणि भराभर संपणार. झाले उलटेच. गळती जबर, तर अणू जागचे हलेनात. अडकलेली अवस्था वितळायला उशीर लागला.

"भ्याले असतील," मी म्हटले.

"अणूला कसली भीती!" गृहस्थ हसले. "अणूची उडी लाटेसारखी शेजारी हळूहळू रुजते. गळती इतकी तत्पर, की अंकुरच खुडला जातो. मग उडीच होत नाही."

"आणि गळती थोडी कमी केली तर?"

"तर अणू जास्त जातात."

एवढ्यात घंटा झाली आणि खडू घेऊन ते तासावर गेले. माझा चहा केव्हाच निवला होता.