समुद्रासाठी सातत्य
ऱ्होड आयलंड हे क्षेत्रफळाने अमेरिकेतील सर्वांत लहान राज्य. समुद्राची पातळी वाढली, की त्याची भूमी घटते. तेथील सिनेटर शेल्डन व्हाइटहाउस यांनी २०१२ पासून अनेक वर्षे, अधिवेशन चालू असताना, दर आठवड्याला हवामानबदलावर भाषण करण्याचा परिपाठ ठेवला. श्रोते थोडेच असत. शेजारचा फलक मात्र तोच : ‘जागे होण्याची वेळ’. कार्बन उत्सर्जनावर शुल्क आकारण्याचे त्यांचे विधेयक संमत झाले नाही. तथापि विरोधी पक्षाचे अलास्काचे सिनेटर डॅन सुलिव्हन यांच्या सहकार्याने सागरी प्लास्टिक कचऱ्याविषयीचे कायदे २०१८ व २०२० मध्ये झाले. ऐकणारे थोडे असतानाही बोलत राहणे आणि मतभेद असूनही एकत्र काम करणे, हे गुण कुटुंबात व संस्थेतही तितकेच मोलाचे आहेत.