गाडीला डबा कशाला?

नवीन टर्बो पेट्रोल गाडी घेतली की पुण्यातल्या आयटीवाल्याला एक सल्ला फुकटात मिळतोच मिळतो. "ऑइल कॅच कॅन बसवून टाक रे, नाहीतर व्हॉल्व्हवर कार्बनचा थर बसेल!" सल्ला देणारा कधी ऑफिसातला गाडीवेडा असतो, कधी तोच डबा विकणारा. मग आपला गडी दोन रात्री जागून व्हिडिओ बघतो आणि आठवड्याभरात पार्सल हजर. निळा, चकचकीत, अ‍ॅल्युमिनियमचा डबा. बॉनेट उघडलं की झकास दिसतो, यात वाद नाही. पण रोज कोथरूड ते हिंजवडी करणाऱ्या गाडीला त्याची गरज नाही, आणि आपल्याकडे तो ज्या पद्धतीने बसवला जातो तसा तर तो अजिबात बसवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता मत आहे म्हटल्यावर कारणं द्यायला हवीत. पुण्यात राहतो ना!

आधी हा डबा करतो काय ते बघू. पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी सिलिंडरमधला थोडा वायू त्यांच्या कडेने निसटून खाली क्रँककेसमध्ये उतरतोच. याला ब्लो-बाय म्हणतात. त्यात न जळलेलं पेट्रोल असतं, पाण्याची वाफ असते आणि वाटेत ऑइलचे बारीक थेंबही मिसळतात. हा वायू आत कोंडून राहिला तर दाब वाढून सीलमधून ऑइल गळायला लागेल, शिवाय ऑइल नासेल ते वेगळंच. म्हणून पीसीव्ही नावाची व्यवस्था तो वायू इनटेककडे ओढून घेते आणि इंजिन तो पुन्हा जाळून टाकतं.

पूर्वी असं नव्हतं. क्रँककेसमधून एक नळी सरळ खाली रस्त्याकडे सोडलेली असायची, की झालं काम. गाडीतून बाहेर पडणाऱ्या हायड्रोकार्बनपैकी साधारण २० ते २५ टक्के या वाटेने हवेत जायचे. लॉस एंजेलिसच्या धुरक्याने लोक हैराण झाल्यावर कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या १९६१ च्या मॉडेल्सपासून ही नळी इनटेकला जोडायला सुरुवात झाली. गाड्यांवरचं प्रदूषण रोखणारं हे पहिलं उपकरण. हा इतिहास लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कॅच कॅन बसतो तो याच वाटेत. वायू डब्यात शिरतो, जाळीवर आपटतो, ऑइलचे थेंब खाली साचतात आणि उरलेला वायू पुढे इनटेकमध्ये जातो. कल्पना चांगलीच आहे. फक्त ती गाडी बनवणाऱ्यांनाही सुचलेली असते! आजच्या बहुतेक इंजिनांत व्हॉल्व्ह कव्हरमध्ये किंवा त्याच्या आसपास ऑइल वेगळं करणारा भाग कंपनीनेच दिलेला असतो, आणि तिथे अडवलेलं ऑइल परत खाली संपमध्ये जातं. म्हणजे तो डबा स्वतःच स्वतःला रिकामा करतो.

आता पहिला प्रश्न: तुमचं इंजिन कोणतं? ज्या इंजिनात पेट्रोलचा फवारा इनटेक पोर्टमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हच्या मागे उडतो, तिथे पेट्रोल व्हॉल्व्ह धूत राहतं. मारुतीची साधी के-सिरीज इंजिनं, होंडा सिटीचं आयव्हीटेक, नेक्सॉनचं १.२ टर्बो ही सगळी या जातीची. कार्बनच्या थराची भीती मुख्यतः डायरेक्ट इंजेक्शनवाल्यांना, कारण तिथे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं आणि व्हॉल्व्ह धुणारं कोणी उरत नाही. फोक्सवॅगन-स्कोडाची टीएसआय, ह्युंदाई-कियाची टी-जीडीआय, मारुतीचं बूस्टरजेट ही त्यातली. तरीही बॉनेटवर 'टर्बो' लिहिलंय एवढ्यावर नेक्सॉनला डबा लावणारे महाभाग आपल्याकडे आहेत. डोकं दुखतंय म्हणून गुडघ्याला बाम!

बरं, गाडी डायरेक्ट इंजेक्शनची आहे असं धरू. तरी व्हॉल्व्हवर बसणारा थर फक्त पीसीव्हीमधून येत नाही. व्हॉल्व्ह स्टेमच्या सीलमधून झिरपणारं ऑइल असतं, सिलिंडरमधून उलटा इनटेकमध्ये येणारा जळका वायू असतो. हे दोन्ही डब्याच्या वाटेने जातच नाहीत. म्हणजे डबा थर बसण्याचा वेग थोडा कमी करेल, थांबवणार नाही.

इथे डबेवाले (मुंबईचे नव्हेत, त्यांची माफी मागून) आपला हुकमाचा पत्ता काढतात. डबा उघडून दाखवतात. "बघ, हे सगळं इंजिनात गेलं असतं!" आत असतो तपकिरी-पांढरा, मेयोनीजसारखा रबरबाट. बघणारा घाबरतो. पण मित्रांनो, त्यात बराच भाग पाणी असू शकतं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण तेवढंच पाणी तयार होतं. बहुतेक सायलेन्सरमधून वाफ होऊन जातं, थोडं ब्लो-बायबरोबर खाली उतरतं आणि थंड डब्यात साचतं. डबा नसता तर ते इनटेकमधून जाऊन वाफ होऊन निघून गेलं असतं. ऑइलचाही बराचसा भाग जळून गेला असता. डब्यात अमुक मिली जमलं म्हणजे व्हॉल्व्हवर अमुक मिली थर वाचला, हे गणितच बरोबर नाही. डबा लावलेली आणि न लावलेली अशा दोन सारख्या गाड्या सारख्याच चालवून, दोन्हींचे व्हॉल्व्ह उघडून पाहिलेत का? ऑफिसात कोणी असा परफॉर्मन्स रिपोर्ट आणला तर आपण त्याला मीटिंगमधून उठवू. गाडीच्या बाबतीत मात्र बेसलाइन नसलेला आकडा लगेच पटतो.

आपल्या धंद्यातलीच उपमा द्यायची तर हा डबा म्हणजे कोडमधला रिकामा कॅच ब्लॉक. एक्सेप्शन पकडलं, कोणी वाचलं नाही, प्रोग्रॅम चालू. रिंगा खरंच झिजल्या असतील आणि ब्लो-बाय वाढला असेल, तर डबा ते लक्षण झाकतो, रोग तसाच राहतो.

पण मला सगळ्यात जास्त राग येतो तो या पुढच्या प्रकाराचा. काही ठिकाणी डब्यातून बाहेर पडणारी नळी इनटेकला परत जोडतच नाहीत. डब्यावर छोटा फिल्टर लावतात आणि वायू सरळ हवेत सोडतात. "इंजिन मोकळा श्वास घेतं" म्हणे! अहो, इंजिन मोकळा श्वास घेतं आणि सिग्नलला तुमच्या मागे स्कूटीवर, चेहऱ्याला ओढणी गुंडाळून उभी असलेली मुलगी काय घेते? १९६१ मध्ये जी नळी बंद करायला सुरुवात झाली ती तुम्ही पैसे देऊन पुन्हा उघडताय. आपल्या वेताळ टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय आहे, तिथे गाड्यांच्या चाचण्या होतात. पेट्रोल गाडीच्या क्रँककेसमधला वायू वातावरणात सुटता कामा नये, ही त्या नियमांतली अटच आहे. टेकडीवर पास झालेली गाडी टेकडीच्या पायथ्याशी नापास करायची, याला मॉडिफिकेशन म्हणायचं?

शिवाय डबा भरतो, तो रिकामा कोण करणार? आणि कुठे? पार्किंगमधल्या जाळीत ओतला की तो रबरबाट नाल्यात आणि नाल्यातून मुठेत. वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा आहे. रिकामा करायचं विसरलात तर भरलेल्या डब्यातलं सगळं एकदम इनटेकमध्ये खेचलं जाऊ शकतं, म्हणजे ज्याची भीती होती तेच, आणि तेही एका घोटात. नळी सैल राहिली तर न मोजलेली हवा आत शिरून आयडलिंग बिघडतं. डब्याची वाट अरुंद असेल तर क्रँककेसमध्ये दाब वाढतो. आणि वॉरंटीत भांडण झालं तर सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर पहिलं बोट त्या निळ्या डब्याकडेच दाखवणार.

मग हा डबा कोणीच लावू नये का? तसं नाही. ट्रॅकवर सतत वरच्या आरपीएमला पळणाऱ्या गाडीला त्याचा उपयोग आहे. क्रँककेसची नळी उघडी असलेल्या रेसिंग गाड्यांना तर ऑइल पकडणारी टाकी नियमानेच लागते, ट्रॅकवर ऑइल सांडून मागचा घसरू नये म्हणून. डायरेक्ट इंजेक्शनची गाडी वॉरंटीबाहेर आहे, तुम्ही ती दामटून चालवता, डबा आतून जाळीवाला आहे, नळी इनटेकला परत जोडली आहे आणि तो वेळेवर रिकामा करून ऑइल गॅरेजच्या ड्रममध्ये जातंय, तर खुशाल लावा. जुन्या डिझेलमध्ये ईजीआरची काजळी आणि ऑइल मिळून इनटेकमध्ये डांबर होतं, तिथेही मुद्दा समजू शकतो. पण ही चार-पाच 'तर' ओलांडून पुढे येणारे किती?

बाकीच्यांनी काय करावं? मॅन्युअल उघडा. त्यात खडतर वापरासाठी वेगळं वेळापत्रक असतं: छोट्या फेऱ्या, धूळ, थांबत-थांबत जाणारी ट्रॅफिक. कर्वे रोडचं वर्णन याहून नेमकं कोणी केलं नसेल! ऑइल त्या वेळापत्रकाने, कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच बदला. पीसीव्ही व्हॉल्व्ह तपासून घ्या. डेक्कनला चार किलोमीटर जायला गाडी काढू नका, इंजिन पुरतं तापतही नाही आणि ऑइलमध्ये पाणी तेवढं जमतं. आठवड्यातून एकदा नीट तापलेल्या इंजिनाने लांब फेरी मारा, सिंहगड आहेच की. इतकं करूनही लाखभर किलोमीटरनंतर थर बसलाच, तर अक्रोडाच्या टरफलांचा चुरा मारून व्हॉल्व्ह साफ करतात, तेव्हा करून घ्या.

डबा घ्यायचे पैसे आधीच बाजूला काढले असतील, तर त्यातून वेळेआधी एक ऑइल चेंज करा. बॉनेट उघडल्यावर दिसणार नाही, पण इंजिनाला कळेल.